दोन सर्व्हर आहेत, रेप्लिका आहे, तरी नऊ तास बंद होतो. आता प्लॅन कसा बनवू?

नवखी_अ‍ॅडमिन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक सिस्टिम आहे, चोवीस तास चालते, लोक रात्री-अपरात्री पण नोंदी टाकत असतात. अ‍ॅप्लिकेशनचे दोन सर्व्हर, पुढे त्यांच्यात काम वाटणारा लोड बॅलन्सर, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, साधारण १.८ टीबीचा. मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा (प्रायमरी) प्रत्येक बदल लगेच उतरवून घेणारा एक राखीव सर्व्हर (स्टँडबाय, म्हणजेच रेप्लिका) आहे, स्ट्रीमिंग रेप्लिकेशन चालू, आणि रोज रात्री एक बॅकअप एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) जाऊन पडतो. हे सगळं माझ्या आधीच्या माणसाने लावलेलं, तो नोकरी सोडून गेला आणि माझ्या गळ्यात आलं.

तीन आठवड्यांपूर्वी प्रायमरीचा रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) मेला. स्टँडबाय शेजारच्याच रॅकमध्ये, डेटा सगळा त्याच्यावर, आणि तरी आम्ही नऊ तास बंद! कारण त्याला प्रायमरी कसं करायचं हे कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं, आणि करून बघायची कुणाची हिंमत होईना, "आहे तोही जायचा" म्हणून सगळे व्हेंडरच्या माणसाची वाट बघत बसलो. शेवटी कंट्रोलर बदलून तीच मशीन उठवली. स्टँडबाय बिचारा नऊ तास तयार उभा होता.

आता साहेब म्हणतात सिस्टिम कधीच बंद पडता कामा नये, दोन आठवड्यांत प्लॅन आण. माझे प्रश्न असे की दोन डेटाबेस सर्व्हरवर ऑटोमॅटिक फेलओव्हर (प्रायमरी पडली की स्टँडबायने आपोआप तिची जागा घेणं) लावला की काम झालं का? डीआरसाठी (मोठी आपत्ती आली तर सिस्टिम उठवायची दुसरी जागा) याच इमारतीत वरच्या मजल्यावर जागा मिळतेय ती चालेल का बाहेरच जावं लागेल? आणि एनएएस भरत आलाय, तर टीममधला एक जण म्हणतोय रेप्लिका आहेच ना, मग रोजचा बॅकअप कशाला, आठवड्यातून एकदा घेऊ. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते नीट सांगताही येत नाहीये.

जुनाट_सर्व्हरवाला

"कधीच बंद पडता कामा नये" हे सगळेच साहेब म्हणतात, मनावर घेऊ नका, फक्त आकडे समोर ठेवा. ९९.९ टक्के ऐकायला भारी वाटतं पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंद बसतं. अजून एक नऊ लावला की ५२ मिनिटं. पाच नऊ म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटं, म्हणजे रात्री फोन वाजून माणूस चष्मा शोधून लॅपटॉप उघडेपर्यंत वर्षाचा कोटा खलास. तुमचे नऊ तास धरले तर ह्या वर्षी ९९.९ सुद्धा हातचं गेलं, हे साहेबांना सांगाच.

मग त्यांना दोन गोष्टी विचारा, साध्या भाषेत. सिस्टिम बंद असताना कागदावर किती वेळ काम रेटता येईल? हा तुमचा आरटीओ. आणि परत चालू झाल्यावर शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर लोकांना आठवून परत टाकता येतील? हा आरपीओ. पहिल्या फटक्यात उत्तर येणार "शून्य आणि शून्य". येऊ द्या. त्या शून्याला काय लागतं ते दाखवलं की आकडा आपोआप खाली उतरतो, मी हे बऱ्याचदा बघितलंय.

म्हणजे कसं, एकही नोंद जायची नसेल तर सिंक्रोनस रेप्लिकेशन लागतं, दुसरीकडे लिहून झाल्याशिवाय इथे कमिट (नोंद पक्की होणं) पूर्ण होत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, तेही केबल सरळ असेल तर, आणि ती सरळ नसतेच. दुसरी जागा ५०० किलोमीटरवर असेल तर प्रत्येक कमिटला पाच मिलिसेकंद गेलेच समजा, मधले राउटर वेगळे. एखादं बॅच काम एकेक ओळ कमिट करत असेल तर त्याचं काय होईल तुम्हीच गुणाकार करा. आणि एकच सिंक्रोनस स्टँडबाय ठेवलात आणि तोच पडला, तर प्रायमरी चांगली धडधाकट असूनही कमिट लटकतात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यामुळे सिंक्रोनस करायचंच तर दोन स्टँडबाय आणि "दोघांपैकी कुठल्याही एकाने हो म्हटलं की पुरे" असं सेटिंग.

आता आरटीओ. बॅकअपवरून १.८ टीबी आणायचा तर १ गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास मिळतात, नुसती कॉपीच सव्वाचार तासांच्या वर. कॉम्प्रेस केलेला असेल तर थोडी कमी. त्यापुढे डेटाबेस उठायचा, मग अ‍ॅपवाले तपासणार. म्हणजे साहेब एक तास म्हणाले तर बॅकअप हा रस्ता त्या तासात बसतच नाही, स्टँडबायच लागतो. हा हिशोब एका कागदावर मांडला की अर्धा प्लॅन झाला.

वरच्या मजल्याचं म्हणाल तर त्याला डीआर म्हणू नका, दुसरी खोली म्हणा. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एसबीजी२ नावाची इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी१ चा पण काही भाग गेला. ज्यांचे सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच इमारतीत होते त्यांचं दोन्ही गेलं. आणि वरच्या मजल्यावर लागलेली आग खाली पोचलीच नाही तरी विझवायचं पाणी खालच्या मजल्यावर येतंच.

तिसरं_मत

ताई, दोन नोडवर (म्हणजे दोनच मशीनवर) ऑटोमॅटिक फेलओव्हर लावायचा विचार आत्ताच सोडा. निदान तिसरा मतदार मिळेपर्यंत तरी.

कारण समजून घ्या. स्टँडबायला प्रायमरी दिसेनाशी झाली. ती मेली, का मधला स्विच मेला? स्टँडबायला हे कळायला काहीच मार्ग नाही, त्याला दोन्ही सारखंच दिसतं. तो म्हणणार मीच आता राजा. तिकडे प्रायमरी जिवंतच आहे, अर्धे अ‍ॅप सर्व्हर अजून तिच्याशी बोलतायत. आता दोन राजे, दोघांकडे वेगवेगळ्या नोंदी, आणि एकच नंबर दोन वेगळ्या नोंदींना दिलेला. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. बंद पडलेली सिस्टिम उठवता येते हो, पण असा फाटलेला डेटा हाताने शिवत बसायला लागतो आणि तो पूर्ण कधीच शिवला जात नाही.

प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहबसारख्या मोठ्या कंपनीची पण अशी अवस्था झालेली. २१ ऑक्टोबर २०१८, खराब होत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात ऑटोमॅटिक फेलओव्हरने पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी केले. पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला तोवर नवीन नोंदी सुरू. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांचे २४ तास!

म्हणून बहुमत लागतं. तीन मतदार असतील तर दोघांचं बहुमत, एक गेला तरी चालतं. दोनच असतील तर बहुमत म्हणजे दोघंही, म्हणजे एक गेला की दुसरा पण गप्प. चार केलेत तरी बहुमत तिघांचं, म्हणजे एकच गेलेला चालतो, चौथ्याचा खर्च फुकट. तिसरा मतदार मोठी मशीन असायची गरज नाही, डेटा नसलेला छोटा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालतो, मतं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एटसीडीचा तिसरा नोड किंवा कोरोसिंकचा क्यूडिव्हाइस. फक्त तो ह्या दोघांपैकी कुणाच्या रॅकमध्ये, कुणाच्या यूपीएसवर, कुणाच्या स्विचवर नको. लोक तिसरा मतदार त्याच होस्टवर टाकतात आणि मग विचारतात क्लस्टर का पडला.

आणि फेन्सिंग. नवा प्रायमरी होण्याआधी जुन्याचा करंट कापायचा, विचारपूस नाही. पेसमेकर ह्या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवाले ह्याला स्टॉनिथ म्हणतात, दुसऱ्या नोडला डोक्यात गोळी घाला अशा अर्थाचं इंग्रजी नाव आहे. एक खाचखळगा सांगून ठेवतो. लोक फेन्सिंग आयपीएमआयवरून (मशीन दुरून चालू-बंद करायची तिच्यातलीच सोय) करतात, पण त्या मशीनचा करंटच गेला असेल तर आयपीएमआय पण मेलेलं, "बंद झाली का?" याला उत्तरच येत नाही, आणि क्लस्टर उत्तराची वाट बघत अडून बसतो. म्हणून दुसरा मार्ग ठेवा, ज्या पॉवर स्ट्रिपला मशीन लावलीय तिचंच आउटलेट नेटवर्कवरून बंद करता आलं पाहिजे.

मॅन्युअल_मोड

वरच्या प्रतिसादातलं तांत्रिक सगळं बरोबर आहे, पण मी या केसमध्ये असहमत.

नवखीताई, तुमचे नऊ तास ऑटोमॅटिक फेलओव्हर नव्हता म्हणून गेले नाहीत. ते "करू का?" ह्या प्रश्नाला "कर" म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून गेले. एटसीडी, पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा ऑटोमॅटिक फेलओव्हर करणारं टूल), फेन्सिंग, तिसरा मतदार हा सगळा पसारा सांभाळणारी टीममध्ये एकटी तुम्ही, आणि ती पण हल्लीच आलेली. रात्री तीनला एटसीडीचं डिस्क स्लो झालं म्हणून लीडर बदलतोय का खरंच मशीन मेलीय हे ओळखायला अनुभव लागतो. मी तर म्हणेन आधी सहा महिने हाताने फेलओव्हर करा. एक पानाची कृती, एक स्क्रिप्ट, आणि कोण निर्णय घेणार त्याचं नाव. पंधरा मिनिटांत प्रायमरी दिसली नाही तर ड्युटीवरच्या माणसाने कुणाला न विचारता स्टँडबाय प्रमोट करायचं, म्हणजे त्याला प्रायमरी करायचं, हे साहेबांकडून लिहून घ्या. लिहून.

प्रमोट स्वतः काही सेकंदांचं काम आहे. वेळ खातं ते भोवतीचं. एकदा आमच्याकडे प्रायमरीची पॉवर गेली, मी दोन मिनिटांत स्टँडबाय प्रमोट करून मोकळा, आणि अ‍ॅप तरी पंधरा मिनिटं गोठलेलं. वेड लागायची वेळ आली. झालं काय, की मशीन अचानक मेली तर "कनेक्शन संपलं" असं सांगायलाही ती उरत नाही. अ‍ॅपच्या पूलमधली (आधीच उघडून ठेवलेली) जुनी कनेक्शनं मेलेल्या मशीनला पाकिटं पाठवत राहतात, आणि लिनक्सच्या डिफॉल्टला हा नाद सोडायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. नुसतं रिकामं पडलेलं कनेक्शन असेल तर अजून वाईट, कीपअलाइव्ह डिफॉल्टने दोन तासांनी पहिल्यांदा चौकशी करतं, तेही अ‍ॅपने ते चालू केलं असेल तर. हे टाइमआउट कमी करा किंवा कृतीच्या पानावर सरळ लिहा, प्रमोट केल्यावर अ‍ॅप सर्व्हिस रीस्टार्ट.

अजून एक, स्टँडबायसाठी रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबाय कुठवर पोचला याची प्रायमरीवरची खूण) वापरला असेल तर बघून घ्या. स्टँडबाय बंद पडला की प्रायमरी त्याच्यासाठी वॅल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंदवही) साठवत बसते, कुणी लक्ष दिलं नाही तर डिस्क भरते आणि प्रायमरी बंद. म्हणजे ज्याला आधाराला ठेवला त्यानेच घर पाडलं. पोस्टग्रेस १३ पासून त्याला मर्यादा घालायचं सेटिंग आहे, डिफॉल्टला मर्यादा नसते. माझा एक रविवार ह्यात गेलाय.

तिसरं_मत

मॅन्युअल_मोड, पंधरा मिनिटं वाट बघून मग प्रमोट, आणि जुनी प्रायमरी सोळाव्या मिनिटाला परत उठली तर? हाताने केलंत तरी फेन्सिंग लागतंच. पण "आधी हाताने" हे मान्य, आमच्याकडेही सुरुवात तशीच झाली होती.

टेपवाली

बॅकअपच्या प्रश्नाला अजून कुणी हातच लावला नाही, नेहमीचंच. मी लावते.

रेप्लिका म्हणजे आरसा. तुम्ही तोंडाला काळं फासलंत तर आरशातही काळंच दिसणार, आणि लगेच दिसणार. कुणी डिलीट मारताना व्हेअर (कुठल्या ओळी उडवायच्या ती अट) लिहायचं विसरला की ते डिलीट सेकंदाच्या आत स्टँडबायवर पोचलं. तुमच्या सहकाऱ्याला एवढंच विचारा, काल दुपारी चारला चुकून उडालेलं टेबल मला रेप्लिकातून काढून दे. जमलं तर बॅकअप बंद करू.

गिटलॅब या गिटहबसारख्याच कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रात्रीची वेळ, रेप्लिकेशन अडकलेलं, दमलेला इंजिनिअर सेकंडरीवरची (म्हणजे स्टँडबायवरची) डेटा डिरेक्टरी साफ करायला गेला आणि कमांड चालली प्रायमरीवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवली, तोवर ३०० जीबीतले साडेचार जीबी उरलेले. चूक कुणाच्याही हातून होते, त्याचं मला काही वाटत नाही. खरी गंमत पुढे आहे. रोजचे डंप (डेटाबेसमधून काढलेल्या प्रती) बघायला गेले तर ते ठेवायची क्लाउडवरची जागा, बकेट, रिकामी! डेटाबेस होता ९.६ आणि डंप काढणारं टूल चालत होतं ९.२ चं, त्यामुळे ते रोज एरर देऊन बंद पडायचं. बरं, फेल झाल्याची मेल जायची, पण ती मेल ऑथेंटिकेशनच्या घोळात समोरचा सर्व्हर नाकारायचा, म्हणून कुणाला पत्ताच नाही. शेवटी वाचवलं कुणी, तर सहा तासांपूर्वी एकाने टेस्टिंगच्या कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. ते सहा तास मात्र गेले ते गेलेच. हे सगळं त्यांनी स्वतःच लपवाछपवी न करता जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

तर तुमच्या केसला मी काय करीन, बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) आठवड्यातून एकदा केला तरी चालेल, पण वॅल फाइल्स सतत दुसरीकडे जात राहिल्या पाहिजेत. मग काल दुपारी तीन एकोणसाठला नेऊन ठेव म्हटलं तरी नेता येतं. पीजीबॅकरेस्ट किंवा बार्मन, बॅकअपची ही दोन्ही टूल्स चांगली, स्वतःची स्क्रिप्ट लिहू नका. एनएएसचा जागेचा प्रश्नही बराचसा सुटेल. जमलं तर एक जास्तीचा स्टँडबाय मुद्दाम चार तास मागे ठेवा, पोस्टग्रेसमध्ये त्याचं सेटिंग आहे. टेबल उडालं की त्याला तिथेच थांबवायचं आणि टेबल उचलून आणायचं, अख्खा १.८ टीबी ओढायला नको.

आणि तो एनएएस डेटाबेस सर्व्हरवर माउंट करून ठेवलाय का? असणारच. मग रॅन्समवेअर आलं तर एकाच फेरीत दोन्ही एन्क्रिप्ट होणार. निदान एक प्रत अशी हवी जी सर्व्हरच्या पासवर्डने पुसता येत नाही, ऑब्जेक्ट लॉक लावलेली किंवा सरळ टेप काढून कपाटात. हसतात लोक टेपला. मर्स्क या जहाज कंपनीचं २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या या मालवेअरने काय केलं वाचा. त्यांचे डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर) जगभर पसरलेले, सगळे एकमेकांशी सिंक होणारे, म्हणून वेगळा बॅकअप हवा असं कुणाला वाटलं नव्हतं. सगळे एकदमच गेले. एक वाचला, घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कवर नव्हता! एवढ्या मोठ्या कंपनीला वाचवणारी ऑफलाइन प्रत अशी नशिबाने मिळाली.

रात्रपाळी

वाचतोय, मजा येतेय. मी एनओसीत (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या टीममध्ये) काम केलंय, माझे मुद्दे जरा वेगळे.

एकदा आमची व्हर्च्युअलायझेशनची स्टोरेज गेली. डीआरची कृती छान लिहिलेली, ६० पानं, चित्रांसकट. कुठे, तर विकीवर. विकी कुठे, त्याच स्टोरेजवर. बरं पासवर्ड तरी, ते पासवर्ड व्हॉल्टमध्ये, व्हॉल्टचा व्हीएम पण तिथेच. फोन नंबर काढायला मेल उघडावी तर मेल सर्व्हर पण... कळलं असेल. शेवटी एकाच्या पर्सनल लॅपटॉपवर आठ महिने जुनी पीडीएफ सापडली. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये छापलेली चार पानं असतात, सीलबंद पाकिटात दोन पासवर्ड, आणि नंबर कागदावर. फेसबुकचं ४ ऑक्टोबर २०२१ ला असंच झालं ना, त्यांचं बॅकबोन नेटवर्क पडलं, त्यामुळे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) गायब, आणि दुरुस्त करायची त्यांची आतली टूल्स पण त्याच नेटवर्कवर. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावी लागली, आणि तिथे आत शिरणं मुद्दामच अवघड करून ठेवलेलं. सहा तासांच्या आसपास गेले.

दुसरं, ड्रिल करताना एक काळजी घ्या. आम्ही पहिल्यांदा डीआर साइट खरोखर उठवली तेव्हा सगळे खूश, टाळ्या वगैरे झाल्या. पाच मिनिटांत हेल्पडेस्कचे फोन वाजायला लागले. डीआरवरचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) पण उठले होते, आणि त्यांनी जुन्या तारखेच्या आठवणीच्या मेल खऱ्या लोकांना पाठवायला सुरुवात केलेली. दोन्हीकडून. ड्रिलच्या यादीत पहिली ओळ आता हीच असते, बाहेर जाणाऱ्या मेल आणि एसएमएस बंद. लायसन्स पण बघा, काही सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या ओळखीला बांधलेलं असतं, डीआरवर उठतच नाही. एसएसएल सर्टिफिकेट मुख्य साइटवर बदललं जातं, डीआरवर जुनंच सडत असतं. फायरवॉलचे नियम, तीच कथा.

तिसरं, दोन्ही मशीन एकाच दिवशी घेतलेल्या आहेत का? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने बुलेटिन काढलं होतं, त्यांच्या काही एसएएस एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या मरायच्या, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. डेटा पण परत नाही. आता विचार करा, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या आठ डिस्क, रेड लावलेलं, स्टँडबाय शेजारी त्याच डिस्कचा. सगळं एकाच तासात. कागदावर चार-चार प्रती आणि प्रत्यक्षात एक पण नाही.

नवखी_अ‍ॅडमिन

बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस गायब होते कारण तुम्ही सांगितलेलं करत होते. हे सांगायलाच पाहिजे म्हणून लिहितेय.

आधी टेपवालीताईंचं मनावर घेतलं आणि एका रिकाम्या मशीनवर रात्रीचा बॅकअप रिस्टोअर करायला घेतला. पहिल्याच पानावर एररचा पाऊस, अमुक रोल अस्तित्वात नाही, तमुक रोल अस्तित्वात नाही. बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेसचा डंप निघाला, युजर आणि रोल त्यात येतच नाहीत, ते वेगळे काढावे लागतात आणि ते कुणी कधी काढलेच नव्हते. ते हाताने बनवून परत चालू केला तर १४ तास लागले, त्यातला निम्म्याच्या वर वेळ इंडेक्स बांधण्यात गेला. म्हणजे जुनाटकाका, तुमचे सव्वाचार तास पण आमच्या नशिबात नव्हते. आणि वॅल कुठेच जात नव्हत्या, म्हणजे रात्री एकचा डंप, त्यानंतर दिवसभरातलं सगळं रामभरोसे. एनएएस माउंट केलेला होताच, हो.

हे सगळं एका पानावर घेऊन साहेबांकडे गेले. शून्य आणि शून्य म्हणालेच! मग १४ तास आणि २४ तास हे दोन आकडे दाखवले. बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, एक तास बंद चाललं तर कागदावर भागवू, आणि पाच मिनिटांच्या नोंदी गेल्या तर लोक परत टाकतील. मी तिथल्या तिथे सही घेतली. "कर" म्हणायचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला, हे पण त्याच पानावर. वरच्या मजल्याचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला, आता बाहेरची जागा बघतायत. तोपर्यंत पीजीबॅकरेस्ट लावून बेस बॅकअप आणि वॅल दोन्ही बाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर लॉक लावून टाकायला सुरुवात केलीय. तिथून रिस्टोअर करून बघितलं नाहीये अजून, पुढच्या आठवड्यात.

आणि काल पहाटे, सगळ्यांना आधी सांगून, प्रायमरीची नेटवर्क केबल काढली. हात थरथरत होते खरंच. प्रमोट आठ सेकंदांत झालं. अ‍ॅप गोठलं, मॅन्युअल_मोड यांनी सांगितलं होतं तस्संच, म्हणून घाबरले नाही, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या. एक सर्व्हर आला, दुसरा येईना, त्याच्या कॉन्फिगमध्ये जुन्या प्रायमरीचा आयपी थेट लिहिलेला निघाला, बाकी सगळीकडे नाव आणि इथेच आयपी. तो शोधण्यात ११ मिनिटं गेली. एकूण २२ मिनिटं. नऊ तासांवरून २२ मिनिटं, आणि नवीन काहीही विकत घेतलेलं नाही.

जुनाट_सर्व्हरवाला

शाब्बास. त्या ११ मिनिटांचा आयपी खऱ्या दिवशी सापडला असता तर तास गेला असता. परत मूळ मशीनवर आलात का? सगळे जाण्याची तयारी करतात, परत यायची कुणी करत नाही.

नवखी_अ‍ॅडमिन

नाही ना काका, अजून स्टँडबायवरच चालू आहे. जुनी प्रायमरी पॉवर केबल काढून ठेवलीय आणि वर मोठा कागद चिकटवलाय, "चालू करू नका, विचारू पण नका".

तिसरं_मत

कागद हे पण फेन्सिंगच झालं. मी शब्द मागे घेतो.

मॅन्युअल_मोड

पण मग आत्ता तुमच्याकडे स्टँडबायच नाहीये हे लक्षात आहे ना? हा पडला तर परत ते १४ तास. जुनीला तशीच उठवून जोडू नका, केबल काढल्यावर तिच्यावर काही लिहिलं गेलं असेल तर ती नव्यापासून फाटलेली असेल. रिवाइंड करा (फाटलेला भाग मागे फिरवून नव्याशी जुळवा), नाहीतर सरळ डेटा पुसून नवीन प्रत घ्या. पुसायच्या आधी होस्टनेम तीनदा वाचा, वर गिटलॅबचं लिहिलंय ते विसरू नका. आणि स्लॉटची मर्यादा!

नवखी_अ‍ॅडमिन

होस्टनेम मोठ्याने वाचलं, शेजारी एकाला उभं करून. मर्यादा लावलीय. नवीन प्रत घेणं चालू आहे, आत्ता ३८ टक्क्यांवर आहे. पूर्ण झालं की कागद काढते.